मोर काढणारी म्हैस

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात वैजयंती नंबरची वाट बघत होती. शेजारी कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक बाप, तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, जांभया देत गोष्ट सांगत होता.

“मग म्हैस शेपटी चिखलात बुडवून भिंतीवर मोर काढायची.”

“आणि दूध?”

“ते आधी. धार काढून झाली की मग मोर.”

“दमायची नाही?”

“दमायची ना. मग एक दिवस तिनं शेपटी उचललीच नाही.”

“असं नाही पप्पा! ती मोठी चित्रकार होते.”

“बरं, होते.”

“तुम्ही ट्रकच्या मागे काढायचात, तसाच मोर?”

“तसाच. पण आता ट्रकवाले स्टिकर लावतात, बाळा.”

“हे म्हशीला सांगू नका हं.”