थिजणारं तेल

...आन् मला सांगा, तेल थिजलं न्हाई हा काय माझा गुन्हा झाला? शेंगदाण्याचं तेल हाय ते, कडेगावच्या थंडीला कशाला थिजतंय? पन न्हाई... तुमाला सांगतो, तीस वर्सं झाली, धनपालआण्णाचा, म्हंजी माझा, घाणा म्हनलं की चार गावच्या बायका शेंगदाणं घिऊन यायच्या, डोळ्यांम्होरं तेल गाळून घ्यायच्या, बोट बुडवून वास घ्यायच्या, आन् तेल किटलीत, पेंड पोत्यात, चालल्या घरला. कसला करार न्हाई, कुणाची सही न्हाई.

आन् मग करार झाला. कुठं झाला देवाला ठावं. आमचे महेंद्र मास्तर पेपर वाचत्यात, ते म्हनले, "आण्णा, देशादेशांनी ठरवलंय, एकमेकांच्या मालाला दारं उघडायची. आता मलेशियाचं पामतेल स्वस्तात मिळणार." म्हनलं मास्तर, दार उघडायच्या आदी घरातल्याला इचारत्यात का न्हाई? सही कुणाची? कुणाची का आसंना, माझी न्हाई.

आलं की वो ते तेल दुकानात, बायका तिकडं वळल्या, आन् थंडी पडली तसं डब्यातच थिजलं, पांढरंफेक. मला वाटलं, बरं झालं, आता येतील बायका माझ्याकडं. आल्या की. म्होरं धोंडुबाई, किटली आपटली फळीवर, "काय वो आण्णा, तुमचं तेल थिजत कसं न्हाई?" म्हनलं, बाई, ते थिजायचं तेलच न्हवं. "मग खरं तूप कसं थिजतंय? खोबरेल थिजतंय, दुकानातलं थिजतंय, तुमचंच तेवढं पातळ... भेसळ करताय व्हय म्हातारपणी?"   मास्तरांना इचारलं तर ते पेपरात तोंड घालून बसले.

दोन म्हैनं घाणा बंद. लय वाईट वाटायचं बघा, सकाळी उठून नुसता हात लावून यायचो त्याला. सही माझी न्हाई, आन् बंद कोण? मी.

मग एक दिस धोंडुबाई परत. किटली न्हाई, हातात रिकामं पोतं. "आण्णा, पेंड द्या की वो. पेंडीबिगर म्हस पान्हा चोरायला लागलीया, दूध सोडीना." म्हनलं, मलेशियाला सांगा. "तिकडनं पेंड येत न्हाई म्हनत्यात." आवं, तेल गाळल्याबिगर पेंड कुठनं निघंल? "मग गाळा की. तेल ऱ्हाऊ द्या तुमचं तुमालाच."

आता घाणा फिरतोय तो म्हशींच्या जिवावर. शेंगदाणं मीच इकत घितो, पेंड जातीय, तेल उरतंय. खाऊन खाऊन किती खानार आमी नवराबायको? म्हनून घरातल्या समद्या बिजागऱ्यांना लावून टाकलं. दार कसं गुमान उघडतंय आता, कुनी बी या... सही माझी न्हाई, तेल तेवढं माझं.