हालगी पुढं, ढाल मागं

आमचं गाव ताडकळसाच्या अलीकडं, तुमी आलाव त्याच सडकंवर. माझं नाव किसन. माझा बा हालगी वाजवायचा, त्याचा बा बी हालगीच वाजवायचा, आन् घर मांगवाड्यात, म्हंजी गावाच्या भाईर. गुरुजी, संघाला पन्नास वर्सं झाली म्हणून तुमी त्याचं पुस्तक लिव्हायलाव, तर आधी एवढं लिव्हा, न्हाई तर पुढचं काईच कळायचं न्हाई.

रझाकाराच्या काळात चार माणसं एका जागी जमायची सोय नव्हती, पोरं खेळाया लागली तरी माय हाताला धरून घरात वढायची. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, आन् पाटलाचा दत्तू म्हणाला आता आपलं राज आलं, आता समदे सारखे, आपण हुतुतूचा संघ काढू. दत्तू माझ्याच उमरीचा. मनानं वाईट नव्हता, आजबी मी त्याला वाईट म्हणत न्हाई. त्यानंच मला संघात घेतलं, म्हणाला किसन्या तुझ्यावानी दम गावात कुणाचा न्हाई. नदीकाठची मऊ माती टोपल्यानं व्हाऊन आमी मैदान केलं, त्यातली निम्मी टोपली माझ्या डोक्यावरची. आन् ह्यो खेळ असा, अंगाला अंग लागल्याबिगर गडी मरत न्हाई. मैदानात पाटलाचं पोरगं माझ्या कमरंला मिठी मारायचं, आन् खेळ सुटला की मला पाणी वरून, वंजळीत. मला तवा त्याचं काई वाटत बी नव्हतं. काय सांगू तुमाला, खेळाची नशा लय वाईट.

संघानं नाव काढलं, खोटं कशाला बोलू. पालमला पयली ढाल मारली ती तेल्याच्या म्हादूच्या घरी गेली, दुसरी गुरवाच्या घरी. संघाचा रिवाजच तसा व्हता, ज्याच्या शेवटच्या चढाईवर सामना निघाला त्याच्या घरी ढाल वर्सभर राहणार. वाजत गाजत दारात न्यायची, घरच्या बाईनं ओवाळायचं, आन् समद्या संघानं त्या घरी बसून जेवायचं. ज्याची ढाल त्यानं तोंडानं मागायची न्हाई, ढाल आपल्या पायानं घर धुंडीत येती म्हणायचे. आन् म्होरं हालगी कुणाची, तर माझ्या बाची.

आपण मुंबई राज्यात गेलो त्या हिवाळ्यात जिंतूरला सामने भरले. शेवटच्या दिवशी आमचे समदे गडी मेलेले, दत्तू रेघंच्या भाईर डोक्याला हात लावून बसलेला, एकला मी राह्यलो, आन् समोर तिघं. गेलो. तिघंबी अंगावर पडले, एकानं घोटा धरला, एक पाठीवर बसला, तोंडात माती गेली पर दम सोडला न्हाई, हुतुतू हुतुतू करीत सरपटत आलो आन् बोटाची पेरं मधल्या रेघंला लागली. तिघं एका दमात मेले. दत्तूनं मला खांद्यावर घेतलं. पाटलाच्या पोरानं, गुरुजी, खांद्यावर.

सांगावा आमच्या आधी गावात आला. मायनं भित सारवली, चुन्यानं देवळी रंगवली, ढाल ठिवायला. हिच्याकडून गूळ, तिच्याकडून डाळ आणून पुरण घातलं, समद्या संघाला पुरंल एवढं. बामणाच्या विहिरीचं पाणी बी आणवलं एका गड्याकडून, का तर आपल्या पाण्यानं कुणी अडू नये. तिला वाटलं अडचण पाण्याचीच हाय.

उन्हं कलायला मिरवणूक निघाली. बा म्होरं. हालगीवाला कवाच मागं बघत न्हाई, बघितलं तर ठेका मोडतो. मारुतीच्या पारापाशी दोन वाटा फुटत्यात, एक पाटलाच्या वाड्याकडं, एक आमच्याकडं. बा आमच्या वाटंला लागला. लेकाची ढाल घरी न्यायलाय तो, त्याचे पाय जमिनीवर नव्हते, असा वाजवीत गेला की काय सांगू. आन् मागची मिरवणूक दुसरीकडं वळली. मी पारापाशी हुबा. दत्तूच्या हातात ढाल, मी त्याच्याकडं बघितलं, तर तो खाली बघाया लागला. आन् बा एकलाच वाजवीत चाललाय, पन्नास पावलं, शंभर पावलं, म्होरं दारात माय आरतीचं ताट घेऊन हुबी.

मग पाटलाचा गडी वरडला, ए म्हाताऱ्या, हिकडं. बा थांबला. मागं वळून बघितलं. मला वाटलं आता हालगी खाली ठिवंल, थुंकंल, घरात जाईल. न्हाई गुरुजी. बा माघारी आला, माझ्या बाजूनं गेला, माझ्याकडं बघितलं न्हाई, आन् त्याच ठेक्यात पाटलाच्या दारापोतर वाजवीत गेला. लय वर्सं मी बाला माफ केलं न्हाई. त्याला वर्साचं धान त्याच दारातून मिळायचं, हे कळायला मला स्वताची लेकरं व्हावी लागली.

दुसऱ्या दिवशी दत्तू आला, लांब हुबा राहून म्हणाला, किसन्या ढाल तुझीच हाय, आमच्या घरी नुस्ती ठिवली. पुरण मायनं गायीम्होरं वतलं. बानं हालगी त्या देवळीत ठिवली, ती मरंस्तोवर काढली न्हाई. पाटलानं धान बंद केलं, तर बा दुसऱ्या गावाला दगडं फोडायला गेला.

आन् तुमी लिव्हलंय, पुढच्या साली पालमला ऐन वक्ताला किसनचा दम तुटला आन् संघ हरला, नशीब आडवं आलं. वाचून दाखविलं तुमी. नशीब नव्हतं ते. रेघ हातभर राह्यली व्हती, धरणाऱ्याची पकड ढिली झाली व्हती. मला बाची पाठ दिसली, हालगी वाजवीत एकली चाललेली. दम तुटला न्हाई गुरुजी, म्या सोडला. बाकीच्या गड्यांनी काय वाईट केलं व्हतं माझं? म्हादू तर रडला. ते पाप माझ्या डोक्यावर हाय, पर म्हादू बी त्या दिशी पाटलाकडंच वळला व्हता. पालमच्या त्या सामन्यापासून मैदानात पाय ठिवला न्हाई.

आता तुमी म्हणता संघाच्या पन्नाशीला जिंतूरची ढाल माझ्या घरी आणू, फोटू काढू, समदे बसून जेवू. तुमी चांगली माणसं हाव, लेकरंबाळं सुखात राहू द्या तुमची. पर ओवाळायला माय न्हाई आन् म्होरं चालायला बा न्हाई. आन् ती बघा देवळी. हालगी हाय तिथं. ढालीला जागा न्हाई.