एक टकटक म्हणजे हो

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई! अगं, चार कुठे वाजलेत अजून? तुझा फोन म्हणजे चारच्या ठोक्याला. आज दोनलाच?… आणि आवाज का असा येतोय तुझा? पडसं झालंय?

…

हो, मीच पाठवलं. परवा, कुरियरने… मिळालं ना? सगळी पानं आली ना, एकशे अठ्ठेचाळीस?… अगं मग गोड बातमी दिल्यासारखं सांग की!… का? काय बिघडलं?

थांब, थांब, मशीन बंद करते. पडदे शिवतेय, त्या घरघरीत काही कळत नाही… हां. बोल आता.

कितवं पान?… एकसष्ट.

हो. लिहिलंय मी ते.

… नाही, चुकून नाही. विचार करून लिहिलंय… अगं, ऐकू यायचं मला! अर्धांगाच्या झटक्याने तोंड बंद पडलं होतं, उजवं अंग गेलं होतं, कान शाबूत होते. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, ही नुसती पडलीय, हिला काय कळतंय. हॉस्पिटलच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि तू बाहेर भावजींना म्हणालीस, 'असं खितपत पडण्यापेक्षा सुटली असती तर बरं झालं असतं.'

… हो, शब्दन् शब्द… ताई, रडू नकोस गं… बरं, ओरड मग. ओरड, मोकळी हो.

…

हो… हो… सूनबाई वाचेल. विहीणबाई वाचतील. तुझ्या शाळेतल्या सगळ्या बाया वाचतील. तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ऐकतेय मी… काय म्हणालीस? सहा वर्षं मनात धरून ठेवलं आणि तुला एका शब्दाने बोलले नाही? अगं, होता का माझ्याकडे शब्द? एकच होता. मंगळवार!

आठवतंय ना? पाणी हवं, तर मंगळवार. उशी सरकवा, मंगळवार. डोक्यात सगळं नीट असायचं आणि तोंडातून बाहेर पडायचा मंगळवार. ती रात्रपाळीची जाडी नर्स बिचारी मला रोज समजावायची, 'नाही हो बाई, आज गुरुवार आहे.' शनिवारी तर चिडलीच माझ्यावर!

… हसलीस. नाही म्हणू नकोस, ऐकलं मी.

… हो, परत रडायला लागलीस, तेही ऐकलं.

अगं ऐक ना… नाही छापलं अजून! छापखानेवाल्या काकांना आज पाच वाजेपर्यंत कळवायचंय. म्हणून तर तुला आधी पाठवलं. कोट पक्का शिवायच्या आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतो की नाही आम्ही? बगलेत काचतो का, गळ्याशी दाटतो का? तसंच हे. सगळं कच्च्या टाक्यावर आहे. तुला काचत असेल तर सांग, मी उसवेन.

… हो, अख्खं पान… हो, खरंच. तुझी शप्पथ… कुणाला कळणार नाही.

पण मला नाही उसवायचं, ते आत्ताच सांगून ठेवते. आजारातून उठले कशी, त्याचं पुस्तक आहे हे. त्या एका पानाच्या खुंटीवर सगळं टांगलंय. तीन वर्षं लिहिलंय मी, डाव्या हाताने, मापांच्या जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर. ते काढलं तर पुढचं सगळं भुईवर येईल… स्वार्थी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. आणि बासष्ट वाचून तुला काहीच वाटलं नाही? त्रेसष्ट?

…

वाचलं नाहीस म्हणजे?… टाचणी?… कसली टाचणी?

अरे देवा!

ताई… ती दोन पानं टाचलेली होती म्हणून तू सोडून दिलीस? तुला वाटलं, रद्द केली?… अगं, टाचणी म्हणजे रद्द नव्हे! टाचणी म्हणजे इथे थांब, इथे नीट बघ! फिटिंग जिथे बघायचं तिथेच लावतो ना आम्ही! नको असतं तर खडूने फुली मारली असती… हो, माझंच चुकलं. शिंपिणीच्या खुणा भूगोलाच्या बाईंना पाठवल्या. जन्मात एक बटण लावलं नाहीस तू, तुला काय डोंबल कळणार!

काढ ती टाचणी… जपून, बोटात घुसवशील… नाही, नाही, तू नको वाचूस. मी वाचते… आत्ता. मोठ्याने. माझी प्रत आहे इथेच, कात्रीखाली… अडखळले तर अडखळले! तू फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही… अगं, बोलायचं नाही म्हटलं ना!

एक मिनिट हं… या मॅडम, या. कोट तो काय, हँगरवर. आत जाऊन घालून बघा. बाहीत टाचण्या आहेत, सांभाळून… हां ताई. वाचते.

'ताईचं ते वाक्य कानावर पडलं आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन महिने मी ओंडक्यासारखी पडून होते. जगायचं की नाही, याचंही काही वाटत नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं. उठून बसावं आणि हिच्याशी कडकडून भांडावं.'

… बोलू नकोस.

'थोड्या वेळाने ती आत आली. तोंड धुऊन आली होती. माझा लुळा उजवा हात मांडीवर घेतला आणि नखं कापायला बसली. एकेक बोट धरून त्याच्याशी बोलायला लागली. हे अंगुस्तानाची लोखंडी टोपी घालायचं बोट. हे कात्रीचं. हे खडूचं. सगळ्यांनी कामावर परत यायचंय, कुणालाही रजा मिळणार नाही. मी बघतच राहिले. बाहेर तसं बोलते आणि आत येऊन असं करते, म्हणजे हिच्या मनात आहे तरी काय? हे हिला विचारायचंच, असं मी ठरवलं. विचारायचं तर बोलता यायला हवं होतं.'

… आहेस ना?… नाक शिंक आणि ऐक.

'घरी आल्यावर रोज चारला तिचा फोन. ती एकटीच बोलायची. मी डाव्या हातात अंगुस्तान धरून रिसीव्हरवर वाजवायची. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जेवलीस का? एक. झोप लागली का? एक. व्या… व्या…'

थांब. येतो. सांगू नकोस, माझा मला येऊ दे… व्या… व्यायाम! हां. 'व्यायाम केलास का? दोन. मग पंधरा मिनिटं बोलणी खायची.'

'एकशे बाराव्या दिवशी ती शेजारणीच्या गळक्या नळाबद्दल पाऊण तास बोलत होती. नळ, वॉशर, प्लंबर, पुन्हा नळ. आणि माझ्या तोंडून शब्द फुटला. मंगळवार नाही. खराखुरा, मला म्हणायचा होता तोच शब्द. पुरे!'

हो ना! तुझ्या हातून फोनच पडला, लाइन कट! आणि मी इकडे एकटी, रिसीव्हर धरून, पुरे, पुरे, पुरे! ऐकायला कुत्रं नाही!… हस, हस. पण थोडं राहिलंय.

'लोक विचारतात, तुमचं बोलणं परत कुणी आणलं? डॉक्टर होतेच. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी घसा कोरडा केला. पण मला बोलायचं होतं ते ताईशी. तिच्याशी एक भांडण राहिलं होतं. ते अजून राहिलंच आहे. ती समोर आली की माया उफाळून येते आणि भांडण विसरायला होतं.'

संपलं.

ताई, दोन पानं! अख्खी दोन पानं वाचली मी, मोठ्याने, आणि अडकले फक्त व्यायामावर! लहानपणापासून तिथेच अडकते मी, त्यात झटक्याचा काय दोष!… अगं, 'अ' म्हणता येत नव्हता मला. आरशासमोर बसून जबडा हाताने हलवायची. जिंकले की नाही मी? सांग ना.

ताई?… हॅलो?… गेली वाटतं लाइन… नाही, आहेस. श्वास ऐकू येतोय.

बोलता येत नाहीये?… बरं. नको बोलूस. शब्द घशाशी येऊन अडकतो ना? माझ्याइतकं कुणाला कळणार ते.

हातात काय आहे तुझ्या? लाल पेन असणार. माझं पुस्तक तपासल्याशिवाय राहिली असशील होय तू! ते पेन घे. मी विचारते, तू वाजव.

पान एकसष्ट छापू?

एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. दोन वाजल्या तर मी उसवेन, आणि जन्मात पुन्हा विषय काढणार नाही.

…

एक. ऐकली.

थांब, मी काही बोलत नाही. दुसरी येतेय का बघते…

…

…

नाही आली. ताई, नाही आली ना?… ताई गं… मं… मंगळवार! अगं बाई, बघ! आनंदाने भरून आलं की अजून तोच पठ्ठ्या येतो तोंडात!… रडतेय कुठे? तू रडतेयस!

हो मॅडम, आलेच! झकास बसलाय पाठीत. जरा वळा बघू…

ठेवते गं. काकांना सांगायचंय, छापा म्हणून… आणि हे बघ, आज चारला तू नको करूस फोन. मी करते. सहा वर्षांचं भांडण साचलंय, ते सगळं बोलणार आहे. तू नुसती वाजवत राहा.

ठेव आता.