इवाची जुडी

पोस्टाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. डोंगरावरून खुडलेल्या बारीक पांढऱ्या फुलांची जुडी बाईंच्या मांडीवर होती.

“कुर्दीन, ही इवा नाही,” बाई फुलं चाळत म्हणाल्या.

“इवाच आहे, मेंगिया.”

“मग वास कुठाय? पान चुरडलं की इवा घमघमते. नुसती पांढरी फुलं काय, तिथे छप्पन्न उगवतात!”

“अगं, नीट चुरड तरी.”

“बोटं हिरवी झाली माझी! लेकीला इवाची दारू पाठवायची, ती काय या गवताची?”

“जन्मभर त्याच कड्यावरून आणतोय मी. हट्टी बाई!”

“म्हणूनच न बघता खुडलंस. हल्ली तुझं लक्षच नसतं. कॉफी आणतोस, तिलाही वास नाही. काल दूध करपलं, ते मला धूर दिसल्यावर कळलं.”

कुर्दीनने जुडीतली एक काडी उचलून हुंगली आणि तिच्याकडे बघितलं. जुडीचा वास एव्हाना माझ्यापर्यंत आला होता. माझी बायको होती तोवर आमच्या स्वयंपाकघराला उन्हाळाभर हाच वास असायचा.

“बोल ना आता!”

“दे ती इकडे. चुकलंच माझं. उद्या पुन्हा जातो.”

“आणि खुडण्याआधी हुंगून बघ जरा!”

“बघेन गं.”