पाळकसाहेबांची साक्ष

मृणाल : चर्चमधला साकेत पाचला येतोय, पप्पा. तो मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्ड करेल, तुम्ही पलंगावरूनच बोला. दोन मिनिटं बास. कल्याणचे, कळव्याचे, चर्चचे सगळे येणारेत तुमची साक्ष ऐकायला.

पाळक : आणि साक्षीत काय सांगू?

मृणाल : तीस वर्षं तुम्ही आजारी माणसांकडून जे वदवून घेतलंत ते. की मी प्रभूकडे चाललोय, मला मरणाची भीती नाही.

पाळक : भीती आहे, मृणाल.

मृणाल : औषधांमुळे होतं तसं. डॉक्टर बोललेले.

पाळक : औषधं नव्हती तेव्हाही होती. डॉक्टरांनी महिना सांगितला, त्या दिवसापासून डोळे मिटायला नको वाटतं. प्रार्थना करतो. शब्द पाठ आहेत, ते आपले येतात. भीती जात नाही.

मृणाल : हे लोकांसमोर नका बोलू, प्लीज. लोकांचं पण सोडा, मलाच ऐकायचंय की तुम्हाला भीती नाही. नंतर मी तेच लावून ऐकत बसणारे.

पाळक : शांताबाईंना फोन केलास? त्यांना सगळ्यांच्या आधी बोलावलंय मी.

मृणाल : केव्हाच निघाल्यात कळव्याहून. बेल वाजली बघा. या मावशी, पप्पा मघापासून तुमचीच वाट बघतायत.

शांताबाई : पेज आणलीय. गरम हाय तवर दोन चमचे घ्या, पाळकसाहेब.

पाळक : नंतर घेतो. बसा. राजरत्नला जाऊन किती वर्षं झाली?

शांताबाई : येत्या गुड फ्रायडेच्या आठवड्यात सात होतील. एकोणीसचा होता. पोराचं आज काय काढलंत?

पाळक : मी त्याला शेवटचा भेटायला आलो होतो. तेव्हा काय म्हणालो, आठवतं तुम्हाला?

शांताबाई : आईला विसरायला होतं का? तो बोलला, पाळकसाहेब, मला लय भीती वाटते. तुम्ही बोललात, विश्वास असला की भीती राहत नाय, राजरत्न. डोक्यावर हात ठेवलात, प्रार्थना केलीत नि निघालात.

पाळक : मग?

शांताबाई : मग काय. जाऊ द्या. तुमची तब्येत अशी.

पाळक : सांगा. मला ते आज कळायला हवं.

शांताबाई : तुम्ही जिना उतरलात नि त्यानं मला विचारलं, आई, म्हंजे माझा विश्वास खोटा का? मी बोलली, खोटा नाय, कमी पडतोय, वाढव. तुमचंच ऐकून बोलली. त्याच्यानंतर अकरा दिवस जगला, भीतीचा शब्द काढला नाय. मला हातसुद्धा धरू दिला नाय. चादरीखाली घालून ठेवायचा. का, तर थरथरतो ते आईला कळंल.

मृणाल : मावशी, बास ना आता.

पाळक : बोलू दे त्यांना. शांताबाई, मी त्या मुलाची गोष्ट चार ठिकाणी प्रवचनात सांगितली. कल्याणला, अंबरनाथला. एकोणीस वर्षांचा मुलगा, शेवटपर्यंत तोंडातून भीतीचा शब्द नाही, विश्वास हवा तर असा.

शांताबाई : माहिताय. कल्याणला मी पुढंच बसलेली. लोकं येऊन माझा हात हातात घेत होती.

पाळक : तेव्हा का नाही बोललात?

शांताबाई : तुमच्यापुढं कोण बोलणार? नि खरं सांगू, बरं पण वाटत होतं ऐकायला. पोरगा धीराचा गेला, असं.

पाळक : मला भीती वाटते, शांताबाई.

(शांताबाई पेजेचा डबा बाजूला ठेवतात.)

शांताबाई : प्रभूला पण वाटलेली. बागेत, क्रुसावर द्यायला शिपाई धरायला यायच्या आधी. घामानं भिजलेला. मित्रांना बोलला, माझ्यापाशी जागे राहा. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. माझ्या पोराला तेवढं का नाय सांगितलंत?

पाळक : तसं सांगितलं असतं तर त्याच्यापाशी बसावं लागलं असतं. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवत नव्हतं. मला तिथून निघायचं होतं. मला क्षमा करा.

शांताबाई : ते मला अजून जमत नाय. तुम्हाला नाय नि मला स्वतःलापण नाय. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू?

मृणाल : पप्पा, साकेतचा फोन आहे. खाली गेटपाशी माणसं जमलीयत. बरं वाटत नाही सांगून परत पाठवू?

पाळक : नको. वर येऊ दे सगळ्यांना. मोबाईलही लावू दे. राजरत्न घाबरला होता, मीही घाबरलोय, आणि प्रभू आम्हा घाबरलेल्यांनाही सोडणार नाही, एवढंच बोलेन. त्यातलं शेवटचं मला अजून पुरतं पटतंय असं नाही. पण तेवढंच धरून आहे.

मृणाल : आणि मी काय ऐकत बसू नंतर?

पाळक : हेच. निदान बाप खोटं बोलून गेला, असं होणार नाही.

मृणाल : थांबा, पाठीला उशी देते. मग दार उघडते.

पाळक : शांताबाई, तुम्ही थांबाल?

शांताबाई : बसते. हात द्या इकडं.

पाळक : थरथरतोय.

शांताबाई : दिसतंय मला. द्या.