मुंग्या गबाळीच्याच घरी

आणि वर लोक मलाच विचारतात, व्हिनेगर मारलं का म्हणून! मारलं हो. तुम्हाला सांगते, आमच्या ग्रीसमध्ये, या कालामाता शहरात ऊन तापायला लागलं की माझ्या ओट्यावर मुंग्यांची वरात निघते, खिडकीपासून थेट साखरेच्या डब्यापर्यंत, आणि व्हिनेगर मारून मारून घराला मुरवलेल्या ऑलिव्हच्या बरणीचा वास यायला लागलाय, पण एक मुंगी मागे फिरेल तर शपथ... उलट भूक खवळते मेल्यांची.

आमच्या सासूबाई, पोलिक्सेनी, त्यांचं एकच म्हणणं: मुंग्या गबाळीच्याच घरी येतात. मी लग्न होऊन आले त्या दिवशी म्हणाल्या, शेवटच्या आजारपणात म्हणाल्या, मधे किती वेळा ते विचारूच नका. उपायही त्यांचेच. दालचिनीची पूड टाक. टाकली, मुंग्यांनी वळसा घातला. कॉफीचा चोथा टाक. टाकला, तर त्यांना आणखी तरतरी आली. खडूची रेघ ओढ, ओलांडत नाहीत. का हो, मुंग्या काय शाळेत जातात? आणि नवरा, थोदोरिस, तो म्हणाला, आधी या येतात कुठून ते बघायला हवं. म्हणून खुर्ची टाकून बसला आणि घोरायला लागला. मुंग्या त्याच्या पायावरून गेल्या, त्याला पत्ता नाही.

बरं, सासूबाई गेल्या, पण ते वाक्य काही गेलं नाही. ते मुक्कामाला नणंदेकडे गेलं. स्तामातियावन्सं म्हणजे आईचीच जीभ, आईचीच नजर, वर चष्मा. मुंग्या गबाळीच्याच घरी येतात, आर्गिरो!

मग सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं. त्याला कोलिवा लागतो, आणि तो करायचा कुणी? सुनेने. उकडलेले गहू, मनुका, डाळिंबाचे दाणे, बदाम, आणि वरून पिठीसाखरेचा थर... पांढराशुभ्र! त्यावर एक, एकच मुंगी चालताना दिसली असती ना चर्चमध्ये, सगळ्या आळीसमोर, तर मी जन्माची गबाळी ठरले असते, आणि वन्सं त्याचीच वाट बघत होत्या. मग मी काय केलं, परात टेबलावर, टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाडग्यांत, आणि निघेपर्यंत थोदोरिसलासुद्धा जवळ फिरकू दिलं नाही.

चर्चमध्ये वन्संनी चष्मा पुसला आणि साखरेला नाक लागेल इतक्या वाकल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. काही नाही! चेहरा असा पडला म्हणता... बायकांनी मूठ मूठ कोलिवा खाल्ला, 'देव पोलिक्सेनीला क्षमा करो' म्हणाल्या, रीतच आहे तशी. मीही म्हणाले. देवाला जरा वेळ लागेल, पण करेल.

मग सगळे प्रार्थनेला कबरीपाशी. पांढरा संगमरवर, आणि त्यावर काय बघते... बोटभर रुंदीची काळी रांग! फटीतून निघून सरळ सासूबाईंच्या फोटोपर्यंत, कारण तिथे ठेवलेली साखरेत घोळलेली लुकुमीची मिठाई. आईला आवडायची म्हणून वन्सं दर रविवारी नेऊन ठेवतात. अहो, काय सांगू तुम्हाला माझं सुख! इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं, पाद्रीबाबा समोर, अख्खी आळी समोर, मी तोंड उघडलं...

वन्संनी मुंग्यांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "आर्गिरो, आईची कबर पुसायचं काम सुनेचं ना गं?"

"अहो वन्सं, पण लुकुमी तर तुम्ही ठेवलीत."

"मी मुलगी आहे, मी ठेवणारच. आई म्हणायची ते काही खोटं नाही."

आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. थोदोरिसने पण! मी तिथेच गुडघे टेकले आणि सगळ्यांदेखत रुमालाने पुसलं. दुसरं काय करणार?

आता दर शनिवारी व्हिनेगरची बाटली आणि फडकं घेऊन तिकडे जाते. सासूबाई होत्या तोवर मला मुंग्यांचं एकच घर सांभाळायचं होतं. आता दोन झालीत.