खळ दिलेलं शीड

ईरा, अजिंक्य,

तुमच्या बाबांनी पाठवलेला फोटो मिळाला. गोठलेलं तळं, पोलादी पात्यांवर उभी असलेली होडी, उंच पांढरं शीड आणि हेल्मेट घालून होडीत आडवी पडलेली ईरा. मागे अजिंक्यचं अक्षर: आजी, बर्फावर शिडाची होडी धावते, खरं वाटतं का तुला?

मला वाटलं नसतं. पण फोटो मी दामूआजोबांना दाखवला. दामूआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर; बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यातल्या आपल्या घरात खालच्या खोलीत राहतात. त्यांनी फोटो भिंगाखाली धरला, ईराकडे पाहिलंच नाही, नुसतं शिडावर बोट फिरवलं. मग दोन दिवस जेवणापुरतेच बाहेर आले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा व्हायच्या आत दारात उभे. वहिनी, वही घ्या, म्हणाले. ही गोष्ट घरात आजवर कुणी ऐकली नव्हती. त्यांचं वय आता असं आहे की उद्यावर ठेवून चालणार नाही, म्हणून त्याच दिवशी लिहून घेतली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे दुसऱ्याचं लिहिणं सुधारायची खोड माझ्या हाताला आहे, ती इथे आवरली आहे. शब्द त्यांचे, पूर्णविराम तेवढे माझे.

*

आमचं दुकान तुम्हाला माहीत आहे वहिनी, पण पोरांना कुठलं माहीत, म्हणून मुळापासून सांगतो. तंबू, कनाती, शामियाने शिवायचं दुकान, आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, त्यांच्याही आधी त्यांच्या बापाचं. गिऱ्हाईक कोण, तर संस्थानिक, छोटे छोटे राजे, कोणाला शिकारीला तंबू, कोणाला दरबाराला शामियाना. आबांचे दोन नियम होते. पहिला, कनातीची शिवण साखळी टाक्याची, मेण लावलेल्या दोऱ्यानं, म्हणजे दोन वर्षांनी कापड धुवायला काढलं की खालची गाठ कापायची, टोक ओढायचं, आणि वरपर्यंत सगळी शिवण सरसर उसवते, कापडाला इजा नाही. आणि दुसरा, खळ दिल्याशिवाय कापड दुकानाच्या बाहेर जायचं नाही. मैदा पाण्यात शिजवून पातळ पेज करायची, कापडाला पाजायची, उन्हात वाळवायची, मग कनात कशी उभी राहते, एकदम ताठ. खळ नसलेलं कापड म्हणजे आबांना नागडा माणूस दिसल्यासारखं व्हायचं.

मी मात्र त्या दुकानात बसायचा नाही. म्हणजे बसायचा, पण बूड टेकायचं नाही. चार टाके घातले की उठला, दारात गेला, परत आला, तापीवर गेला, पल्याड जैनाबादपर्यंत चालून आला. आबा ओरडायचे, दाम्या, टाका बघ, आभाळ काय बघतो. तुम्ही नुकत्या घरात आल्या होत्या, तुम्हीसुद्धा म्हणायच्या, भाऊजी, पायाला भिंगरी लागली का? आठवतं? मी हसायचा, पण मला आतून त्रास व्हायचा त्याचा. काय सांगू तुम्हाला, पोटात एक सुई सारखी चालू असल्यासारखं.

त्याच दिवसांत पेपरात रोज एकच, आज हे संस्थान विलीन झालं, आज ते झालं. लोक पेढे वाटत होते, आम्हीही खाल्ले. मग एका राजाच्या दिवाणाचा निरोप आला, शामियाना नको, आता दरबारच नाही. लाल किनारीचा, शिवून तयार, खळ देऊन घड्या घातलेला शामियाना. आबा त्याच्यावर हात फिरवत बसले आणि म्हणाले, देश एक झाला, चांगलंच झालं, पण आता तंबू कोणाला लागंल रे? मी उभ्या उभ्या बोलून गेलो, फौजेला. गंमत म्हणून बोललो, आणि महिन्याच्या आत खरंच भरती होऊन गेलो, दर्जी म्हणून. आबांनी कात्री दिली, त्यांची स्वतःची. दादा स्टेशनवर आला. तुम्ही दशम्या दिल्या होत्या, त्या मी भुसावळच्या आतच खाऊन टाकल्या.

फिरवत फिरवत मला पाठवलं पार उत्तरेच्या टोकाला, उघडे डोंगर, झाड नाही, आणि एक एवढं लांब सरोवर की पलीकडचा काठ दिसायचा नाही. त्याचं नाव मला कधी धड घेता आलं नाही. अलीकडे आमची चौकी, पलीकडे मोठा तळ, तिथंच डॉक्टर. हिवाळा आला आणि ते सगळं पाणी दगड झालं. मी बुऱ्हाणपूरचा माणूस, थंडी म्हणजे आमच्याकडे अंगणात शेकोटी आणि भरीत. तिथं सुई बोटाला चिकटायची आणि काढली की कातडी घेऊन यायची.

आमचे कॅप्टनसाहेब तरुण होते, तेही माझ्यासारखेच, एका जागी न बसणारे. विलायतेत शिकायला होते तेव्हा कुठल्यातरी थंड मुलखात त्यांनी तळ्यावर शिडाच्या गाड्या धावताना बघितल्या होत्या. ते म्हणाले आपण करू. लाकूड खोक्यांचं, खालची पाती मोडक्या ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पोलादी पाट्यांची, मधे एक लांब फळी, तिला आडवी दुसरी फळी, मागे सुकाणू, वर डोलकाठी. तिथलाच एक माणूस होता तोंडुप, सामान वाहायला होता आमच्याकडे, त्याला बर्फ कळायचा. काळा दिसतो तो पक्का, पांढरा दिसतो तो कच्चा, आणि जिथं ओढा येऊन मिळतो तिथं जायचंच नाही, एवढं त्यानं आम्हाला शिकवलं. आम्ही होडी करतो बघून तो पोट धरून हसला होता. मास्टरजी, पानी गया तो नाव बनाते हो, पानी था तब क्या सो रहे थे?

शीड माझ्याकडे. कॅप्टनसाहेबांनी कागदावर काढून दिलं आणि बजावलं, मास्टर, कपडा नरम रखना, कुछ लगाना मत. वहिनी, हे नीट लिहा. त्यांनी बजावलं होतं. आणि मी मनात म्हटलं, साहेब बंदुकीतला, ह्याला कापडातलं काय कळतं. नरम कापडातून हवा निघून जाईल. शिवायच्या आधी गुपचूप भटारखान्यातून मैदा आणला, खळ केली, कापडाला दिली, शेगडीवर वाळवली, आणि आपल्या कनातीसारखं साखळी टाक्यानं पट्टीला पट्टी जोडून शीड शिवलं. कोणाला सांगितलं नाही.

आणि पहिले दिवस ते शीड असं धरायचं हवा की साहेब वेडे झाले! म्हणाले मास्टर, क्या हाथ है. मला घेऊन गेले एकदा. फळीवर पालथं पडायचं, तोंड बर्फापासून वीतभर, आणि खालून असा आवाज, जसं कोणी कापडाचा तागा टर्रकन फाडतंय, आणि तो तागा संपतच नाही. डोळ्यातलं पाणी कानात गोठतं. आणि तेव्हा, ऐका, तेव्हा माझे पाय गप्प झाले. जन्मात पहिल्यांदा. मला कुठंच जायचं नव्हतं, कारण मी जातच होतो. ईराच्या तोंडावर फोटोत तेच आहे. मी बघितलं बरं का, तुम्हाला वाटलं नाही बघितलं.

मग एक दिवस साहेबांच्या पोटात कळ आली. आधी वाटलं डब्यातलं खाल्लं त्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडे हात लावू देईनात, ताप, तोंड पांढरं. बिनतारी यंत्रावर आमच्यातल्या एकानं डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला ताबडतोब आणा, पोटात फुटलं तर हाती काही राहणार नाही. ताबडतोब कसं? झोळीत घालून बर्फावरून चालत दीड दिवस. साहेब पडल्या पडल्या म्हणाले, हवा कुठून आहे? पाठीमागून, मी म्हटलं. तर मग नावेतून. चालवणारा एकटाच माणूस, आणि तोच आडवा. म्हणाले मास्टर, तू चालव, मी सांगतो.

होडी दोन दिवस बाहेर उभी होती, शीड खाली गुंडाळलेलं. भुरभुर बर्फ पडून गेलेला, त्यावर ऊन आलेलं. नरम कापड असतं तर झटकलं की कोरडं. पण खळीला पाणी लागलं की ती पिऊन घेते, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही साड्यांना खळ करायच्या. शीड वर चढवताना मला जड लागलं. हाताला चिकट लागलं. मला कळलं, वहिनी. तिथंच कळलं. पण साहेब कण्हत होते, शीड उतरवून वाळवायला वेळ कुठला, मी गप्प बसलो आणि दोर ओढला.

निघालो. साहेबांना मधल्या फळीला बांधलं, मी सुकाणूवर, तोंडुप पुढं बर्फ बघायला. काळा, मास्टरजी. काळा. थोडा बाएं. काळा. साहेब सांगायचे, दोर ढील दे, आता खेच. ऊन वर यायच्या आत अर्धं सरोवर मागे. मग पलीकडच्या तळाचा झेंडा दिसला. साहेब म्हणाले, डावीकडे खडक, उजवीकडे ओढ्याचं तोंड, वळायला जागा नाही, आता शीड उतरव म्हणजे घसरत घसरत थांबेल. मी दोर सोडला.

शीड खाली आलं नाही.

वाऱ्यानं ते गोठून पत्रा झालं होतं. डोलकाठीला ज्या कड्यांनी बांधलं होतं त्या कड्यांवर कापड असं घट्ट बसलं होतं की हलेना. मी ओढतोय, ओढतोय. तोंडुप उठला, त्या वेगात, डोलकाठीला मिठी मारली, कड्या दिसेनात म्हणून उजव्या हाताचा मोजा दातानं काढून फेकला आणि उघड्या हातानं एक एक कडी ओढायला लागला. दोन सुटल्या, बाकीच्या नाही. समोर बर्फ पांढरा व्हायला लागला. तो ओरडला, सफेद! सफेद!

तेव्हा मला आबांचा आवाज आला नाही की देव आठवला नाही, तसं काही सांगणार नाही मी. मला माझी गाठ दिसली. शिडाच्या खालच्या काठाला मधल्या शिवणीची गाठ, माझ्या हातची. कापड गोठलं होतं, पण दोऱ्याला मेण होतं, मेणाला पाणी धरत नाही. सुकाणू पायानं धरलं, कात्री काढली, गाठ कापली आणि टोक धरून सगळ्या अंगानं ओढलं. आणि वहिनी, सर्रर्र करून शिवण खालून वरपर्यंत सुटली. दोन पट्ट्या दोन बाजूला फाकल्या, वारा मधून निघून गेला. दुसरी शिवण, तीही. होडी घसरत गेली, खालून कडकड आवाज, आणि थांबली. ओढ्याचं उघडं पाणी सात-आठ पावलांवर वाफाळत होतं.

साहेब वाचले. त्याच दिवशी पोट फाडून शिवलं. शुद्धीवर आले तेव्हा मला बोलावून म्हणाले, मास्टर, तेरी सिलाई अच्छी थी, उधेडना उससे भी अच्छा. सगळे हसले. मला प्रशस्तिपत्रक दिलं, ते आबांनी भिंतीवर लावलं होतं, तुम्ही बघितलंय. त्यात लिहिलंय, थंडीमुळे शीड गोठलं असता प्रसंगावधान राखून.

तोंडुपच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. आधी पांढरी पडली, मग काळी, मग डॉक्टरनं काढली. मी त्याच्या खाटेशी गेलो. तो हात वर करून म्हणाला, आठ बाकी हैं, मास्टरजी, बहुत हैं. मग हसणं थांबवून विचारलं, कपड्याचं असं का झालं? मैंने ऐसा कपडा कभी देखा नहीं.

मी म्हटलं, ठंड.

एवढाच एक शब्द. तो म्हणाला हां, ठंड तो थी, आणि त्यानं मान हलवली.

पुढचं सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. परत आलो, आबांनी खळीचं पातेलं समोर ठेवलं, मी हात लावला नाही. आबा म्हणाले तिकडं जाऊन शहाणा झाला. मग मी कधी सर्कशीच्या तंबूंबरोबर, कधी जत्रेच्या मांडवांबरोबर, या गावाहून त्या गावाला. तुम्ही म्हणायच्या भाऊजी लग्न करा म्हणजे पाय टिकतील. पाय बर्फावरच्या त्या आवाजासाठी चालायचे, असं मीही स्वतःला सांगितलं, पण ते अर्धंच खरं. अर्धं, कोणी विचारेल कपडा ऐसा क्यों हुआ, त्याच्या आधी उठून जायचं. एकदा निघालो होतो तोंडुपला शोधायला. जिथं रेल्वे संपते तिथं दोन दिवस बसलो आणि परत आलो. काय म्हणणार होतो? माझ्या बापाच्या नियमानं तुझी बोटं नेली? बापाचा नियम बापाच्या कनातीला ठीक होता. मला सांगितलं होतं लावू नको.

आता पोरीला लिहा की तिचं शीड मी भिंगातून बघितलं, कापड कसलं आहे कळलं नाही, पण सुरकुती पडते, म्हणजे नरम आहे. बरं आहे. निघायच्या आधी रोज एकदा वर चढवून खाली उतरवून बघायचं, आळस करायचा नाही. आणि ज्याला बर्फ कळतो त्याला पुढं बसवायचं, त्याचं ऐकायचं, त्याचे मोजे नीट आहेत का ते आपण बघायचं. सुखी राहा, सावकाश थांबा. झालं. मिटा वही.

*

वही मिटली नाही. मी त्यांना विचारलं, तोंडुपच्या गावाचं नाव आठवतं का? आठवत होतं. त्यांनी सांगितलं तसं मी हिंदीत पत्र लिहिलं, चार ओळींचं, त्यात खळीची गोष्ट आहे. सही त्यांची. तोंडुप आहेत की नाहीत, आम्हाला ठाऊक नाही. पत्रावर "किंवा त्यांच्या मुलाबाळांना" असं मी घातलं. पोस्टात टाकायला ते स्वतः गेले, रिक्षा नको म्हणाले. अजून उत्तर नाही. ते रोज दारापर्यंत जाऊन येतात.

प्रशस्तिपत्रक त्यांनी भिंतीवरून काढलं आहे. खिळा आहे. आबांची कात्री आहे, धार चांगली आहे, मी तिनेच या पत्राच्या कडा सारख्या केल्या. शिडाची हातभर लांब एक पट्टी त्यांच्या ट्रंकेत निघाली. खळीमुळे तिला जागोजागी कसर लागली आहे, पण शिवणीच्या भोकांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत आहे.